काब द राम ते आगोंद: गोव्यातले पाच दिवस आणि भाड्याची गाडी

पहिला दिवस

कोकणकन्या मडगावला पोचली तेव्हा दहा वाजत आले होते. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली लेक. आमचं कुलदैवत जांबावलीचा दामोदर. दोन वर्षं दर्शन राहून गेलं होतं आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दिवाळीनंतर जायचंच असं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याच्या खांद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे गाडी मीच चालवायची हे डोंबिवलीहून निघतानाच पक्कं होतं.

स्टेशनाबाहेर पाय ठेवतो न ठेवतो तोच एकाने गाठलं. गाडी हवी का, दिवसाला बाराशे, कागदपत्रांची कटकट नाही. आमची ठरलेली गाडी दीड हजाराची होती. पाच दिवसांचे दीड हजार वाचत होते. मी त्याच्या गाडीची पाटी पाहिली, पांढऱ्यावर काळी अक्षरं. त्याला नम्रपणे नाही म्हणून पुढे निघालो.

गोव्यात गाडी भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले आहे की किमतीच्या आधी पाटीचा रंग बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी म्हणजे चालकासकट मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी, तसा परवाना असलेली. खासगी गाडीच्या विम्यात ती भाड्याने द्यायची नाही ही अट असते. सगळं सुरळीत असेल तेव्हा ही अट कोणाला आठवत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तीच काढते, आणि मग खर्च भाड्याने घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

आमच्या गाडीचे मालक चाळिशीतले गृहस्थ होते, घाईत होते. नोव्हेंबर म्हणजे त्यांचा हंगाम. मी मोबाइलवर गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून व्हिडिओ घेतला. मागच्या डाव्या दरवाजावर ओरखडा होता, पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला खरचटलेलं होतं. दोन्ही करारावर लिहून घेतलं. आरसी, विमा, पीयूसी आणि परवान्याच्या तारखा पाहिल्या, त्यांचे फोटो काढले. डिकी उघडून स्टेपनी दाबून बघितली. जॅक होता, पाना होता, लाल त्रिकोण मात्र नव्हता. तो त्यांनी दुसऱ्या गाडीतून काढून दिला. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. ते दोनदा घड्याळाकडे बघून गेले, पण थांबले.

पाच हजार अनामत. "काही झालं तर आधी मला फोन," एवढं सांगून ते गेले.

मुक्काम मडगावातल्याच कोंब भागात, दामोदर साल या जुन्या वास्तूपासून चालत पाच मिनिटांवर. १८९२ साली स्वामी विवेकानंद गोव्यात आले तेव्हा याच दामोदर सालात उतरले होते, हे आईंनी लेकीला वाटेतच सांगून टाकलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, आणि जागा दाखवल्याशिवाय इतिहास सांगितला असं त्यांना वाटत नाही. संध्याकाळी बाहेर न पडता बांगड्याचं हुमण आणि भात खाल्ला. गाडी अंगणात होती.

दुसरा दिवस

मडगावहून केपेंमार्गे जांबावली वीस-बावीस किलोमीटर. सकाळचं धुकं शेतांवरून उठत होतं, पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल भोंगा वाजवत पुढे चालली होती. आईंनी गाडी थांबवून गरम पोई घ्यायला लावली. गव्हाच्या कोंड्यातली ती पोकळ, मऊ भाकरीसारखी रोटी, चहाबरोबर इतकी चांगली लागते की लेकीने तिथेच दोन संपवल्या.

दामोदराचं मूळ स्थान मडगावचं. पोर्तुगीजांनी साष्टी तालुक्यातली देवळं पाडली त्या सोळाव्या शतकात देव नदीपलीकडे जांबावलीला आणला. आमच्या घरी आजही "मडगावचा देव जांबावलीला गेला" असंच म्हणतात, जणू कोणी वडीलधारं माणूस घर बदलून गेलं. अभिषेक झाला. देवळामागे कुशावती वाहते. तिच्या पाण्याने त्वचेचे विकार जातात असं मानतात, म्हणून आईंनी बाटली भरून घेतली. फाल्गुनातल्या गुलालाला एकदा यायचंय असं त्या दर वेळी म्हणतात. या वेळीही म्हणाल्या.

तिथून रिवणमार्गे उसगाळीमळ. कुशावतीच्याच काठावर जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, माणसं, आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे चक्रव्यूहासारखं एकात एक गुंतलेलं वर्तुळ. १९९३ साली ती उजेडात आली. लेक त्या वर्तुळाच्या काठाकाठाने बोट फिरवत बराच वेळ बसली होती.

परत फिरताना समोरून ट्रक आला, मी गाडी डांबराखाली घेतली आणि डाव्या मागच्या चाकाखाली काहीतरी कचकन् फुटलं. उतरून पाहिलं तर चिऱ्याचा धारदार तुकडा होता आणि टायरची बाजू चार बोटं फाटलेली. मोबाइलला रेंज नाही.

रस्ता एकाकी असला की टायर बदलताना घाई होते आणि त्या घाईतच माणसं जखमी होतात. म्हणून मी मनातल्या मनात मोजत गेले. धोक्याचे दिवे चालू. लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला, कारण वळणानंतर दिसला तर त्याचा उपयोग नाही. सगळ्यांना खाली उतरवून झाडाखाली बसवलं. हॅण्डब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावले. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, नट सैल करायचे. चार नटांतले तीन सुटले. चौथा हलेना. नवऱ्याचा खांदा तसा, आणि माझं सगळं वजन पान्यावर टाकूनही तो जागचा हलला नाही.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक घर होतं. तिथून एक आजोबा खाली आले. "कितें जालें गो बाय?" आईंचं माहेर कुडाळचं, त्या मालवणीत बोलू लागल्या, ते कोंकणीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. आजोबा परत वर गेले आणि लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा घेऊन आले. तो पान्याच्या दांड्यावर चढवला. दांडा लांब झाला आणि एका दमात नट सुटला. मला तरफ शाळेतल्या पुस्तकापासून माहीत आहे, पण गाडीत असा पाइपाचा तुकडा ठेवावा हे त्या दिवशी कळलं. स्टेपनी बसवली, नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळले.

आजोबांनी पैसे घेतले नाहीत. उलट घरात नेऊन कोकमाचं सरबत दिलं. निघताना आई म्हणाल्या, "देव बरें करूं." ते हसले, त्यांच्या तोंडचे शब्द आईंनी घेतले होते.

रेंज आल्यावर पहिला फोन मालकांना. टायरची बाजू फाटली की पंक्चर काढून भागत नाही, नवाच घ्यावा लागतो. केपेंला त्यांच्या ओळखीच्या दुकानात त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टायर मिळाला. पैसे आम्ही दिले, बिल गाडीच्या नंबरवर घेतलं, जुन्या टायरचा फोटो काढला. मालक थोडे कुरकुरले की मला न विचारता चाक बदललं. त्यांना सांगितलं की रेंज नव्हती. ते गप्प झाले, आणि माझंही मन शांत झालं, कारण खरं तेच सांगितलं होतं. नुसता टायर फाटला तर नेहमीच्या विम्यात त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीला त्याच वेळी दुसरं नुकसान झालं असेल तरच मिळतात, तेही टायरच्या किमतीच्या निम्मे. म्हणजे हा खर्च आमचाच होता.

तिसरा दिवस

सकाळी फातर्प्याला शांतादुर्गेचं दर्शन घेतलं, बेतूलला साळ नदीचं मुख पाहिलं आणि दुपारी काब द राम किल्ल्यावर गेलो. वनवासात राम इथे राहिला अशी लोकांची श्रद्धा, त्यावरून हे नाव. सौंधेकर राजांकडून १७६३ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला. आत पांढरंशुभ्र चर्च आहे आणि तटावरून खाली बघितलं की समुद्र किती खोल निळा असू शकतो ते दिसतं. किल्ल्याविषयी आणखी लिहावंसं वाटतं, पण त्या दिवसाची आठवण पुढच्या तासाने व्यापली आहे.

काब द रामहून आगोंदला जाणारा रस्ता काजूच्या डोंगरांतून वळतवळत जातो. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते, वेग तीसच्या आसपास. एका फाट्यापाशी एक स्कूटर थांबली होती. ती रस्त्यावर आली, वळली आणि आमच्याच बाजूने आमच्याकडे येऊ लागली. मी ब्रेक दाबला. त्यानेही दाबला. त्याची स्कूटर घसरली, आडवी झाली आणि आमच्या उजव्या बंपरवर येऊन आपटली. हेडलाइटची काच फुटल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

तो पंचविशीतला परदेशी मुलगा होता. हेल्मेट होतं, आणि त्यासाठी मी आजही देवाचे आभार मानते. शुद्धीवर होता, मान दुखत नाही म्हणाला, हेल्मेट त्याचं त्यानेच काढलं. गुडघा सोलवटला होता, डावं मनगट विचित्र वाकलं होतं. तो इंग्रजीत पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: मी उजवीकडे गेलो, आमच्याकडे उजवीकडेच जातात.

मला पटकन् समजलं, कारण तीच चूक माझ्याकडून झाली होती. २०१८ मध्ये आम्ही इटलीत तोस्कानात गाडी भाड्याने घेतली होती. वाहतूक उजव्या बाजूने. शहरात पुढची गाडी बघून चालवता येतं. पण रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना, हात आपोआप जन्माच्या सवयीकडे जातात. मी सरळ डावीकडे गेले होते. समोरून एका बाईची गाडी आली, दोन्ही गाड्यांचे आरसे एकमेकांना घासले. दोघीही थरथरत होतो. मग त्या बाईने गाडीतून निळा छापील फॉर्म काढला. युरोपभर सगळ्या भाषांत त्याचे रकाने सारखेच असतात, आकडे तेच, त्यामुळे तिचा इटालियन आणि माझा इंग्रजी असता तरी बिघडलं नसतं. एका बाजूला तिची गाडी, दुसऱ्या बाजूला माझी, मध्ये रस्त्याचं रेखाटन काढायला चौकट. खाली दोघींच्या सह्या. त्या सहीने दोष कबूल होत नाही, फक्त काय घडलं ते दोघींनी मिळून लिहिलेलं असतं. त्या रकान्यांनी मला भानावर आणलं होतं.

इथे तसा फॉर्म नव्हता. पण काय करायचं ते ठाऊक होतं. नवऱ्याने १०८ ला फोन लावला. सुदैवाने त्याच्या मोबाइलला रेंज होती. मी ११२ ला. त्रिकोण पुन्हा वळणाअलीकडे. आई उतरल्या आणि त्या मुलाजवळ रस्त्याकडेला सावलीत बसल्या, त्याचा चांगला हात हातात धरून. तो पोलंडचा आहे हे कळल्यावर त्या त्याला वळिवड्याची गोष्ट सांगू लागल्या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहत होते, बायका, मुलं, शाळा, सगळं गाव. आईंची नोकरी कोल्हापूरला झाली, तिथल्या जुन्या माणसांकडून त्यांनी ऐकलेलं. रुग्णवाहिका येईपर्यंत तो मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिला. माझ्या मते त्या वीस-पंचवीस मिनिटांत आमच्यापैकी सर्वांत मोलाचं काम त्यांनी केलं.

तोवर पाच-सहा जण जमले होते. त्याला हात लावायला ते बिचकत होते, पुढे साक्षीला बोलावतील म्हणून. मी सांगितलं की मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर साक्षीची किंवा नाव सांगण्याची सक्ती नाही. दोघांनी लगेच मनगटाखाली सरळ फळी धरून कापडाने सैलसर बांधली. एक जण म्हणाला, "मिटवून टाका इथेच. पोरगा घाबरलाय, देईल पैसे." त्यात वाईट हेतू नव्हता. असंच मिटवतात बहुतेक.

मी गाडी हलवू दिली नाही. आधी फोटो: लांबून दोन्ही वाहनं रस्त्यासकट, मग जवळून, मग रस्त्यावरची घसरल्याची खूण, फाटा, दोन्ही पाट्या. तेव्हा लक्षात आलं की स्कूटरची पाटी पांढरी होती. लेकीच्या वहीतलं मधलं पान घेतलं आणि तो निळा फॉर्म आठवून रेघा मारल्या. डावीकडे आम्ही, उजवीकडे तो. नाव, लायसन्स, गाडीचा नंबर, विमा, वेळ, जागा. मध्ये रस्ता काढला, फाटा काढला, बाण काढले. त्याला दाखवलं. त्याने उजव्या हाताने एक बाण थोडा दुरुस्त केला आणि सही केली. मीही केली. त्या पानाचे दोघांनी फोटो घेतले.

मग मालकांना फोन. ते अस्वस्थ झाले. "पोलिसांत नको, ताई. गाडी अडकून पडेल. माझं पुढचं बुकिंग आहे. तिथेच मिटवा, खर्च मी बघतो." हा प्रवासातला सर्वांत अवघड क्षण होता. माझ्यामुळे त्या माणसाचं नुकसान होणार हे मला दिसत होतं. पण माणूस जखमी होता. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर तीन गोष्टी आहेत: जखमीला उपचार मिळवून देणं, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. शिवाय तो मुलगा परदेशात एकटा होता. पोलिसांच्या कागदाशिवाय त्याचा प्रवास विमा दवाखान्याचं बिल बहुधा देणार नव्हता, आणि मनगट मोडलं असेल तर बिल छोटं नसणार. मी त्यांना म्हणाले, "तुमच्या गाडीचे जे दिवस जातील त्याचं भाडं मी देईन. पण कळवते मी." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ते म्हणाले, "येतो मी."

रुग्णवाहिका त्याला काणकोणच्या आरोग्य केंद्रात, चावडीला घेऊन गेली. नवरा बरोबर गेला. पोलीस आले. त्यांनी जागेची मापं घेतली, माझा जबाब घेतला, वहीतलं पान पाहिलं आणि त्याची प्रत मागितली. दोन्ही वाहनं ठाण्याच्या आवारात लागली. मी माझं लायसन्स दाखवलं. मुलाकडे त्याच्या देशाचं लायसन्स होतं, आंतरराष्ट्रीय परवाना नव्हता.

हा परवाना मी इटलीला जाण्याआधी कल्याणच्या आरटीओतून काढला होता. एक वर्ष चालतो. आपलं लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि हजार रुपये, एवढंच लागलं होतं. पण तो हातात घेताना त्यातले शिक्के बघायला हवेत: कोणत्या वर्गाची वाहनं चालवता येतात ते त्यात असतं. ज्याच्याकडे फक्त चारचाकीचं लायसन्स आहे तो दुसऱ्या देशात स्कूटर घेऊन पडला, तर विमा कंपनी बहुधा तेवढ्याच कारणाने हात काढून घेते. या मुलाच्या लायसन्सवर दुचाकीचा वर्ग होता. ज्याने त्याला स्कूटर दिली तो मात्र फोन उचलत नव्हता. संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

मालक सहा वाजता आले. येताना त्यांनी मूळ कागदपत्रं आणली होती आणि आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्याही. माझ्याशी फारसं बोलले नाहीत. विमा कंपनीला तिथूनच, माझ्यासमोर कळवलं. चावडीहून आम्ही टॅक्सीने मडगावला परतलो. रात्री उशिरा ती सहज मिळत नाही म्हणून अंधार पडायच्या आत निघायचं ठरवलं होतं. वाटेत लेकीने विचारलं, "तो मुलगा आज कुठे झोपेल?" मनगटाचं हाड मोडलं होतं आणि त्याला मडगावच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं होतं. मी म्हटलं, आपल्याच गावात.

चौथा दिवस

सकाळी रुग्णालयात गेलो. हाताला प्लास्टर होतं, तोंड सुकलेलं होतं. आईंनी मुक्कामावरून मऊ भात आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. भात त्याने खाल्ला, लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं, पण पुन्हा मागितलं.

त्याच्या विम्याच्या मदत क्रमांकावर फोन आम्ही लावून दिला. तिथल्या बाईने जे विचारलं ते सगळं परदेशात जाणाऱ्या प्रत्येकाने घरून निघण्याआधी एका कागदावर लिहून ठेवावं: पॉलिसीचा क्रमांक, मदतीचा फोन, पासपोर्टचा क्रमांक, लायसन्सचा वर्ग. त्याचे सगळे कागद मोबाइलमध्ये होते आणि मोबाइलची काच अपघातात फुटली होती. पासपोर्ट तरी खोलीवर सुरक्षित होता. खोलीवाल्याने तो आणून दिला. केसपेपर, एक्स-रेचा अहवाल, औषधांची बिलं, पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक, वहीतलं पान. एकेक फोटो काढून आम्ही पाठवत गेलो. दुपारपर्यंत त्याला दाव्याचा क्रमांक मिळाला. त्याने तो आईंना वाचून दाखवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

स्कूटरवाला अखेर आला. आल्या आल्या स्कूटरच्या नुकसानीचे पैसे मागू लागला. विम्याचा कागद मागितल्यावर गाडीत आहे म्हणाला, मग घरी आहे म्हणाला. खासगी स्कूटर भाड्याने दिली होती हे पोलिसांना सांगावं लागेल असं नवऱ्याने शांतपणे म्हटलं. त्यानंतर त्याने पैशांचा विषय काढला नाही. मला त्याचा राग आला, अजूनही आहे. हजारो किलोमीटर लांबून आलेला भांबावलेला पोरगा, त्याच्या हातात कागद नसलेलं वाहन द्यायचं आणि पडल्यावर फोन उचलायचा नाही, हे मला माफ करता येत नाही.

त्याच दुपारी आरटीओच्या निरीक्षकांनी दोन्ही वाहनं तपासली आणि आमची गाडी सुटली.

पाचवा दिवस

मालकांच्या अंगणात गाडी उभी होती. बंपर आणि हेडलाइट बदलायचे, उजवं मडगार्ड ठोकून रंगवायचं. गॅरेजच्या मिस्त्रीने अंदाज लिहून दिला. विम्यात पहिली ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते, ते हजार रुपये मी दिले. प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी घसारा म्हणून निम्मी रक्कम कापते, तोही फरक करारानुसार आमच्याकडे आला. मालकांनी बंपरच्या खालच्या कडेचा ओरखडाही त्यात धरला होता. मी पहिल्या दिवसाचा व्हिडिओ दाखवला, करारावरची नोंद दाखवली. त्यांनी ती ओळ खोडली, वाद न घालता.

राहिला गाडी बंद राहण्याचा प्रश्न. मिस्त्री म्हणाला चार दिवस. मी चार दिवसांचे सहा हजार काढले. मालकांनी त्यातले दोन हजार परत केले. म्हणाले, "पुढचं बुकिंग दुसऱ्या गाडीवर ढकललं." मग थोडं थांबून म्हणाले, त्यांचा भाऊ दुबईत टॅक्सी चालवतो, त्याच्या पहिल्याच वर्षी अपघात झाला होता, आणि तिथे त्याच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. एवढंच बोलून ते आत चहा सांगायला गेले. हिशेबाच्या कागदावर आम्ही दोघांनी सही केली: काय बिघडलं, कोणी किती दिलं, यापुढे देणं-घेणं नाही. तो कागद मी जपून ठेवला आहे.

संध्याकाळी कोकणकन्या. आईंनी जांबावलीचा प्रसाद सगळ्या डब्यात वाटला. थिवी गेल्यावर मुलाचा संदेश आला. विम्याच्या फॉर्ममध्ये अपघाताची नेमकी जागा लिहायची होती, रस्त्याचं नाव त्याला येत नव्हतं. मी लेकीला मोबाइल दिला. तिने वहीतलं पान उघडलं, रेखाटनावरून बघून एकेक अक्षर टाइप केलं: काब द राम ते आगोंद, फाट्यानंतर. पाठवायला गेली आणि गाडी पेडण्याच्या बोगद्यात शिरली. रेंज गेली. मोबाइल डोळ्यांसमोर धरून ती अंधारात तशीच बसून राहिली. बोगदा संपला आणि संदेश गेला.